दोन बोटं जास्त

नको, नको, उचल आधी ते नारळ! मशीनवर ठेवतात का? खणाला तेल लागंल ना बाई — आन पाया कावून पडायलीस, मी काय देवी हाय का? ऊठ. ऊठ म्हणते ना. बस त्या स्टुलावर, ती कापडं सरकव तिकडं, मास्तरीणबाईचे ब्लाउज हायेत, चुरगाळले तर जीव घेईल माझा. हां. आन ही पदराआड कोण? करिष्मा? आगं माय माय — ही करिष्मा? ये की गं हितं, मी सुई न्हाई टोचत, माझी सुई कापडाची हाय! बघ कशी लाजायली. दसरा झाला आन दवाखान्यातून आल्या आल्या टोळीसंगं गेलात तुमी ऊसतोडीला, ते आज उगवलात — सहा म्हैने झाले. रोज सकाळी मशीनचं चाक फिरवायच्या आधी ही पोरगी डोळ्यापुढं यायची. कशी असंल, तिकडं कर्नाटकात पाचटात खेळत असंल, परत ताप चढून आकडी आली तर कोण बघंल — तुझ्या सासूला, वत्सलाबाईला, फोन लावू लावू म्हणायचे आन लावत नव्हते. कावून ते ऱ्हाऊ दे आता.

काय म्हणलीस? केशरमावशी नसती तर पोरगी हातची गेली असती? कोण म्हणलं? आख्खं गाव म्हणतंय — गावाला काय, गावाला बोलायला इषय पायजे! सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावून शाल घातली माझ्या अंगावर, म्हाईत हाय का तुला? हेडमास्तरनं भाषण केलं, केशरबाईची नजर म्हंजे तराजू. मी घेतली शाल. घेतली, खोटं कशाला बोलू, टाळ्या वाजायल्या व्हत्या, चांगलं वाटलं. ती बघ ती शाल — रातच्याला मशीनवर झाकते. अंगावर एकदाबी घेतली न्हाई. मशीनला थंडी वाजती का म्हणून इचारलं एकीनं — म्हणलं व्हय, वाजती, तुला काय करायचंय!

तुला त्या दिवशीचं काय आठवतंय, सांग. मी वरडले एवढंच ना? "पांढरा, पांढरा" म्हणून वरडले. बरोबर. आन त्या टेबलावर पोरीखाली रंगीत पट्टी अंथरली व्हती, ती आठवती का? तुझं कुठलं ध्यान असणार, तुझी तर दातखीळ बसली व्हती, आन तुझी सासू कांदा फोडून पोरीच्या नाकाला लावायली व्हती, सिस्टर म्हणायल्या आजी बाजूला व्हा, तर ती सिस्टरच्याच नाकाला कांदा — हसू नको, खरंच सांगते! तर ती पट्टी. ती मी शिवलेली. माझ्या ह्या हातानं.

त्याचं असं हाय बघ. लेकराला औषध देतात ते वजनावर. मोठ्या माणसाचं भागून जातं, लेकराचं तसं न्हाई — धा किलोच्याला येगळं, पंधरा किलोच्याला येगळं. आता आकडी आलेलं लेकरू, हातपाय झाडायलंय, त्याला काट्यावर कोण बसविणार? आन वय इचारावं तर — तुमचंच बघ ना! सिस्टरनं इचारलं केवढी हाय, तू म्हणलीस तीन, सासू म्हणली चार, आन तुझा नवरा म्हणला पेरणीत झालती — कोणत्या पेरणीत ते काय सांगितलं न्हाई गड्यानं! म्हणून ती पट्टी. लेकरू आडवं करायचं, पट्टीचं लाल टोक डोक्याला लावायचं, आन टाच ज्या रंगावर येईल त्या रंगाचं औषध. किती भरायचं ते त्या रंगावरच लिहिलेलं. लांबीवरून वजनाचा अंदाज, बस. शिवकांता सिस्टरनं मला हे समजावलं तवा मला एका झटक्यात पटलं. आमचंबी तेच हाय की! पोर दारातून आत आलं की कापड किती लागंल ते मी सांगते, टेप काढायच्या आधी.

सिस्टरकडं कागदाची पट्टी व्हती. कोण्या लेकरानं तिच्यावर मुतलेलं, कोणी वकलेलं, घडीवर चिरलेली. नवी यायला येळ व्हता. मग आली माझ्याकडं — मावशी, रेक्झिनची शिवून द्या, पुसता आली पायजे, रंग तुमी लावा, आकडे मी लिहिते. मी म्हणलं हे काय काम हाय का, हातचा मळ! बीडच्या सीटकव्हरवाल्याकडून रंगीत तुकडे मागिवले. कागद खाली अंथरला, एक एक रंग वर ठेवून जुळिवला, इंच न् इंच. पिवळा कुठं सुरू व्हतो, पांढरा कुठं, सगळं तोंडपाठ झालं माझं. पांढरा साडेअडतीसला सुरू. कुठं म्हणून कुठं दोऱ्याचाबी फरक न्हाई. आन मग राहिलं डोक्याकडचं लाल टोक — चहा घेतीस का गं? घे की. समोरच्या टपरीवरून मागिवते. न्हाई? पोरीला बिस्किट? बरं.

तर ज्या दिवशी सकाळी मी ती पट्टी नेऊन दिली, त्याच दिवशी दुपारी तुमी आलात. तुझ्या नवऱ्याच्या हातात पोरगी, मान मागं, तुझ्या पायात चप्पल न्हाई. दवाखाना समोरच, मी हितून बघितलं आन पळाले. गाव म्हणतं केशरबाई मदतीला पळाली. मदतीला कशाची — मी माझी पट्टी बघायला पळाले! आता तुझ्यासमोर काय लपवायचं. नवं कापड अंगावर कसं बसतंय ते बघायला शिवणारीचा जीव तळमळतोच. दारात उभी राहिले. टेबलावर पोरगी, खाली माझी पट्टी, काय झळकायली व्हती, मनात म्हणलं वा गं केशर. सिस्टरनं लाल टोक डोक्याला लावलं, पोरीचा पाय सरळ केला, टाच बघितली. पिवळा. पांढऱ्याला बोटभर कमी. डाक्टरसाहेब म्हणले पिवळ्याचं भरा. सिस्टरनं बाटली फोडली.

आन माझी नजर गेली पोरीवर. काय करावं, तीस वर्षांची खोड. डोकं ते टाच — मनात म्हणलं, एकोणचाळीस. ही पोरगी एकोणचाळीस इंच हाय. मग टाच पिवळ्यावर कशी? पांढऱ्यावर पायजे. माझी नजर चुकत न्हाई, मग चुकलं काय? आन तवा ध्यानात आलं बघ माझ्या — ती दोन बोटं!

गेलं. गेलं तोंडातून. सांगणार नव्हते मी. तू नारळ घेऊन आलीस, खण घेऊन आलीस, चार गोड बोलून वाटंला लावणार व्हते तुला. आता ऐक मग सगळंच.

लेकराचं कापड शिवताना मी दोन बोटं जास्त ठेवते. शर्ट असू दे, फ्रॉक असू दे. माझ्या सासूनं शिकिवलं, केशर, लेकरू रोज वाढतं, कापडाला वाढ ठेवावी, आई दुवा देती. खाली आत दुमडून ठेवायचं, पुढच्या वर्षी उसवून सोडायचं. आपल्याकडं कोण दर साल नवं घेतंय? तर हाताला ती सवय. ती पट्टी शिवताना मनात आलं — लेकरांची वस्तू हाय, वाढीला असू दे! लाल टोकाकडं दोन बोटं जास्त कापलं. बरं, दुमडून आत तरी घ्यावं, तर तेबी न्हाई, रेक्झिन जाड, दुमडंना, मग कडेलाच लाल गोट मारून मोकळी झाले. झालं! डोकं दोन बोटं आधीच लागायलं, टाच दोन बोटं मागं. पोर व्हतं तेवढंच, पण पट्टी म्हणायली ल्हान हाय, कमी औषध द्या. सवयीला औषध न्हाई म्हणतात ते खोटं न्हाई.

आन आता खरं ते ऐक. हे सिस्टरलाबी सांगितलं न्हाई म्या. मला कळलं, आन मी लगीच वरडले न्हाई. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा येळ मी गप उभी राहिले. तुझी पोरगी टेबलावर झटके द्यायली, आन मी इचार करायले की आता गाव काय म्हणंल. तीस वर्षांत केशरबाईचं माप चुकलं असं कोणी म्हणलं न्हाई. आन मनात आलं, दोन बोटांनं काय फरक पडतोय, कापडात तर पडत न्हाई. देवाशपथ, आलं असं मनात. लाज वाटती सांगायला. मग पोरीची टाच अशी आपटली पट्टीवर, तिचं पैंजण वाजलं, आन माझं तोंड आपोआप उघडलं — पांढरा! पांढरा भरा! पट्टी खोटी हाय! तुमाला सगळ्यांना "पांढरा" तेवढंच ऐकू आलं. पट्टी खोटी हाय म्हणले ते कोणी ऐकलंच न्हाई, तुझी सासू म्हणायली केशरीच्या अंगात आलं! सिस्टरनं तेवढं ऐकलं. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या लाल कडंकडं. पट्टी दोन बोटं वर वढली, टाच आली पांढऱ्यावर. औषध वाढवून भरलं, दिलं. तू पदर तोंडात कोंबला व्हतास. जरा येळानं पोरीची मूठ सुटली, अंग सैल पडलं, आन ती घोरायली बारीक — तवा माझा जीव भांड्यात पडला, आन मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

तुमची गाडी पुढच्या मोठ्या दवाखान्याला गेल्यावर सिस्टरनं मला आत बोलावलं. मला वाटलं आता खरडपट्टी. तर कात्री दिली हातात. म्हणली, मावशी, पोर वाढतं, पट्टी वाढत न्हाई. कापा. मी रडत रडत कापलं. मग म्हणली, चूक माझीबी हाय, कागदाला लावून बघितल्याबिगर मी ती टेबलावर घ्यायलाच नको व्हती. मी इचारलं, कमी पडलं असतं तर? म्हणली, आणखी द्यावं लागलं असतं, पण तेवढा येळ पोरीनं झटके खाल्ले असते. तेवढा येळ म्हंजे किती, ते मी इचारलं न्हाई. ती बघ तिथं, खिळ्याला — लाल चिंधी. दोन बोटं. कोणी इचारलं तर म्हणते मशीन पुसायची हाय. ती कापल्यापासून पट्टी बराबर हाय, पाच लेकरं मोजली तिच्यावर, सिस्टर सांगत असती. आन तवापासून म्या एकाबी लेकराच्या कापडाला वाढ ठेवली न्हाई. हातच व्हत न्हाई. बाया भांडतात — मावशी, संक्रांतीचा फ्रॉक पाडव्याला आखूड झाला! होऊ दे म्हणते. नेमकं माप ते नेमकं माप.

बोल की. कवाची एकटीच बडबडायले मी. शिव्या दे, नारळ उचल, सासूला सांग, गावाला सांग, शाल परत करते मी हेडमास्तरला, मला काय. पर माझ्याकडं असं बघू नको बाई.

कुठं निघालीस? जा... जायलीस तर जा. न्हाई? हे काय, पिशवीतून काय काढतीस — कापड? फ्रॉकचं? हिचंच? माझ्याकडून शिवून घेतीस तू, एवढं ऐकून? ये गं करिष्मा. उभी ऱ्हा अशी. ताठ. मान वर. टेप लागायचा न्हाई मला — एक्केचाळीस. आगं माय! सहा म्हैन्यात दोन इंच? पाचटात खेळून वाढलीस काय गं उसासारखी? हसती बघ, दात पडलाय का आपटलीस? बरं. खांदा नऊ. घेर लई ठेवू का बेताचा? काय?

काय म्हणलीस? परत म्हण.

दोन बोटं जास्त ठेव म्हणतीस.

चेष्टा करतीस का माझी? न्हाई... व्हय. व्हय गं लेकी. वाढणारच हाय ती, वाढंल न्हाई तर काय. ठेवते. दोन न्हाई, तीन ठेवते, आतून पक्की दुमडून, दिवाळीला सोडता येईल अशी. नारळ ऱ्हाऊ दे मग तिथंच. खणबी ऱ्हाऊ दे. आन आता ऊठ, नीघ हितून, सोमवारच्या आत इचारायला यायचं न्हाई. पोरीला उनाचं नेऊ नको, डोक्यावर पदर घाल तिच्या. जा. जा म्हणते ना — मला डोळे पुसू दे, सुई दिसंना झालीय.