नानांनी गाडीला घातलेलं झिंक

झिंक म्हटलं की मला आमचे नानाकाकाच आठवतात. म्हसावदला त्यांची केळीची बाग आहे, आणि वीस वर्षं जुनी मोटारसायकल, तिच्यात तर त्यांचा जीव. मध्यंतरी तिचं इंजिन आवाज करायला लागलं, म्हणून त्यांनी शहाद्याच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "नाना, ऑइलमा झिंकनी बाटली टाका. झीज कमी व्हई."

नानांना झिंक माहीत ते केळीला खत म्हणून देतात तेच, म्हणून ते सरळ खतांच्या दुकानात. "झिंक दे रे, पातळ."

"कितला एकर शे?"

"एकर नही, इंजिनमा टाकनं शे."

दुकानदाराला वाटलं विहिरीवरचं इंजिन, ठिबकमधून सोडणार असतील. त्यानं केळीचं झिंक दिलं.

नानांनी अर्धी बाटली ऑइलमध्ये ओतली. गाडी गावाबाहेर जाऊन बंदच पडली. मी ती टेम्पोत घालून नानांसकट शहाद्याला नेली. मेकॅनिकनं खालचा बोल्ट खोलला, तर ऑइल दुधाच्या चहासारखं! नानांनी दाखवलेली बाटली वाचून तो ओरडला, "नाना, हाई पिकनं झिंक शे! थोडक्यात वाचनं इंजिन."

ऑइल बदललं, गाडी सुरू झाली. मेकॅनिकनं गाडीच्या झिंकची बाटली नानांच्या हातात दिली.

ती उलटसुलट करून बघत नाना म्हणाले, "पन हाई केळीले चाली का?"