पांढऱ्यावरचं मेण

— न्हाई ताई, बाटिक न्हाई मिळायचं. मार्बलिंगचे कागद घ्या की, डायरीला लावा, पाकिटं करा. पुण्यास्नं केडगावला एवढ्या उन्हात आलात, रिकाम्या हाती कशाला जाता? ह्ये बघा — पाण्यावर रंग सोडला, काडीनं हलवला, वर कागद टेकवला, उचलला, झालं! रंग आपला आपन पसरतो. मानसानं काय करायचं? काय न्हाई. बाटिकचं तसं नसतं. कापडावर गरम मेण लावायचं, मेण बसलं तिथं रंग धरत न्हाई — म्हंजी रेघ चुकली की कायमची चुकली. आन् पांढऱ्या कापडावर मेण दिसतं व्हय? वल्या डागावानी, त्येबी उजेडाला धरलं तर —

व्हय, भिंतीवरचा मोर माझाच. उभा जन्म बाटिकच केलं. मग सोडलं का? आता वय — न्हाई, हात न्हाई कापत. हात चांगले हायेत. ह्ये? भाजलंय. मेणाचं पातेलं डावीकडं असंल वाटलं, ते निघालं उजवीकडं... तुमचं तोंडबी मला नीट दिसत न्हाई, ताई. धुराआड बसल्यावानी दिसताय. पर मर्सीला, माझ्या लेकीला, सांगू नका. ती दौंडला डोळ्यांच्या शिबिरात नेईल, ऑपरेशनला. माझा थोरला भाऊ स्टीफन असाच शिबिरात गेला व्हता — पट्टी सोडली आन् म्हनला, "शलमोन, दिवा लाव रं." भर दुपारी! मी त्याच्या उशाशी व्हतो. हात धरून बसलो नुसता. तवापास्नं डोळं मिटायचीच भीती वाटती. उघडलं आन् काईच न्हाई दिसलं, तर? आज एवढं तरी हाय — लाल कुठं, निळा कुठं, कळतंय. पाण्यावर रंग सोडायला तेवढं पुरतं. म्हातारा बघून सोडतो का अंदाजानं, कुनाला —

उठलात का? कुठं निघालात? तिकडनं वाट न्हाई, तिकडं मर्सी कागद वाळत घालतीय. ताई, हाक नका मारू. तुमच्या पाया पडतो, ताई, हाक नका —

...काय न्हाई गं मर्सी. बाईंना कागद दाखवत व्हतो. रडतोय कुठं? रंगातलं टर्पेंटाईन गेलं डोळ्यात. हात सोड. दौंडला-बिंडला कुठं न्हाई यायचो मी. जा तू. जा म्हनतो ना!