मागच्या खोलीतली बॅटरी

सोलरच्या दुकानात नंबर यायला वेळ होता. शिवणकाम करणाऱ्या बाई चपलेचा अंगठा चाचपत बसल्या होत्या, आणि शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आईचं नि तिच्या लेकाचं बोलणं, नको म्हटलं तरी, त्यांच्या कानावर पडत होतं.

“पॅनल गच्चीवर. बरं. आणि ते इन्व्हर्टरचं धूड?”

“आई, बसेल घरातच कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे कुठे?”

“मागच्या खोलीत. बॅटरीला खेळती हवा लागते म्हणे.”

“मलाही लागते. म्हणूनच मी तिथे झोपते.”

“तुझी खाट हलवू ना.”

“कुठे? हॉलभर तुझा सोफा पसरलाय.”

“ताई कधीची म्हणतेय, आईला पाठव म्हणून.”

“ताई म्हणतेय, की तू म्हणायला लावलंस?”

“काहीतरीच तुझं! थोडे दिवस गं. काम आटपेपर्यंत.”

“तो सोलरवाला माणूस परवा घरी आला, तेव्हा माझं कपाट कुणी ओढलं?”

“भिंतीचं माप घ्यायचं होतं.”

“आणि माझ्या साड्या बॅगेत भरल्या, त्याही मापासाठीच?”

लेकाने मोबाइलमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात काउंटरवरून त्यांचा नंबर पुकारला. आईच आधी उठली.

“काय हो, ही बॅटरी एकदा बसवली की पुन्हा कधी हलवायची?”

“दहा वर्षं तरी हात लावायला नको, आजी.”

आई लेकाकडे वळली.

“ऐकलंस? एवढेच ‘थोडे दिवस’ मी ताईकडे राहायचंय.”