जनावर ओळखू आलं पाहिजे

हॅलो? … साहेब, तुमी लबाड हैत! तोंडावर सांगतो. आमच्या अख्ख्या तांड्याला तुमी खेळवून राहिले. आज हा फोटो आना, उद्या तो फोटो आना… आन् आनला की तुमाला दिसत न्हाई! डोळे हैत का बटनं…

कोन?

सुनिता? … अगं तू व्हय! मला वाटलं जंगल खात्याच्या साहेबाचा फोन हाय. सकाळी करतो म्हनले होते, अजून वाट पाहून राहिलो. … न्हाई गं, तुला कशाला बोलीन! … हो, हो, साहेबालाच. … देतो की शिव्या! फोनवर देतो. समोर गेलो की "नमस्कार साहेब" म्हनतो, तुला माहीत न्हाई व्हय तुझा भाऊ?

कुठून बोलून राहिली? … नांदेडच्या दुकानातून? दुकानदाराचाच फोन हाय? … मग मराठीत बोल बाई, घरच्यावानी गोरमाटीत नको. त्याला बी कळू दे. न्हाई तर म्हनंल भाऊ-बहीन मिळून मला गंडवून राहिले.

… दोन्ही काढून ठेवलं? काचेवर? … बरं. बरं.

… अगं ऐक ना. दोन्हीचे पैसे न्हाईत. तुज्याजवळ दिले तेवढेच, त्यात एकच बसतं. बॉडी घ्यायची का लांबचं दाखवनारी लेन्स, एवढंच ठरवायचं हाय. … हो, बॉडी तर पाहिजेच. जुन्या बॉडीत जीवच राहिला न्हाई. … तू आन् दाजी एसटीनंच आना बॉडी. जीपमधी नको, धक्के बसतात. मांडीवर घेऊन बस, टपावर ठेवू देऊ नको कंडक्टरला…

थांब जरा. … काय किसनराव? … कोनाची न्हाई! कोनी मेलं न्हाई! कॅमेऱ्याची बॉडी! कॅ-मे-ऱ्या-ची! … बसा तुमी स्टुलावर. हात खाली सोडा.

… अगं, आपल्या गोरेगावचे किसनराव हैत, दुकानात फोटो काढून घ्यायला आलेत. त्यांना वाटलं नांदेडच्या दवाखान्यात आपलं कोनी गेलं. डोक्यावरची टोपी बी काढली त्यांनी. ती फोटोसाठी काढली का मयतासाठी, त्यांनाच ठाऊक.

… हसू नको. बॉडीचं ऐक. जुनीचं शटर उघडतं, पर कवा कवा पुरं उघडायचं इसरून जातं. शिरड शहापूरच्या लग्नात नवरी निम्मी काळी आली! बरं झालं, काळ्या निम्म्यात सासू होती म्हून कोनी भांडलं न्हाई. आता त्यांच्या धाकट्या पोरीचं लग्न हाय. इचारून राहिले, कॅमेरा डिजिटल हाय का? मी म्हनलो येनार हाय. कवा येनार हाय, ते सांगितलं न्हाई. … न्हाई आनला तर सेनगावचा फोटोवाला आनतील की! कोन थांबतं आपल्यासाठी?

… डिजिटलच हाय ना ती बॉडी? वापरलेली हाय, पर चालू हाय? … आन् आपली जुनी लेन्स बसती का तिच्यावर? इचार त्याला. एकाच कंपनीची हाय ना दोन्ही. … बसती म्हनतो? देव पावला.

… मग बॉडीच घे म्हनतीस?

अगं ऐक ना! लेन्स आनली न्हाई तर रोह्याचा फोटो कसा काढू?

… दुकानदार इचारतो रोही म्हन्जे काय? मुंबईचा हाय का तो? नीलगाय म्हन त्याला, नीलगाय. … न्हाई, न्हाई! नको म्हनू! त्या शब्दानंच आपला घात केला.

… तुला न्हाई सांगितलं? आपल्या गुर्जीनं भरपाईचा अर्ज लिहिला ना तांड्याचा. "रोह्यांनी हरभरा खाल्ला" एवढंच लिहायचं होतं. गुर्जी म्हनले, रोही गावंढळ वाटतं, शुद्ध लिहू. आन् लिहिलं, "नीलगायींनी हरभरा खाल्ला." साहेबानं काय वाचलं? गायींनी! म्हनला, गायी असतील तर आमचं काम न्हाई. मोकाट गुरं ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात टाका.

… हो! कोंडवाड्यात! रोही! … हस, हस. मी बी हसलो होतो पहिल्यांदा. मग कळलं, तो हसत न्हाई.

… त्याला कळत न्हाई व्हय? सगळं कळतं! कळून न कळल्यावानी करायचाच पगार हाय त्याला.

… मग काय, पुन्हा गेलो आमी. म्हनला, रोही हैत म्हनता तर फोटो आना. जनावर ओळखू आलं पाहिजे. … आनला ना! हरभऱ्यात माळा बांधला, त्याच्यावर बसलो, मच्छरानं फोडून काढलं. रोल धुतला, मोठा फोटो करून नेला. आन् त्याच्यात काय? ठिपके. हिरव्याच्या कडंला काळे ठिपके. साहेब म्हनला या म्हशी हैत. शिपाई म्हनला गाढवं हैत. दोघांची तिथंच जुंपली, पर रोही हाय म्हनायला एक बी तयार न्हाई!

… काय म्हनतो दुकानदार? … जवळ जाऊन काढा? … दे, त्याला दे फोन. … न्हाई, नको देऊ, तोंडातून काही निघंल. तूच सांग त्याला. म्हनावं, रोही म्हन्जे नवरी न्हाई, जवळ जाऊन "हनुवटी वर कर बाई" म्हनायला. बांधावर पाय पडला की कळप पार!

… मग त्या लेन्सनं दिसतं का जवळ? तू डोळा लावून पाह्यलीस? … दुकानाबाहेर जाऊन पाहा. … काय दिसलं? … पल्याडच्या पाटीवरचं नाव वाचलंस? सगळं? … खालचं बारीक बी? … सुनिता! म्हन्जे शिंगं दिसतील! गळ्यावरचा पांढरा पट्टा दिसंल! … घेऊन टाक. लेन्सच घेऊन टाक. लग्नाचं पाहू पुढं. ठरलं.

… आता काय?

… संध्याकाळी न्हाई चालत? काहून? … उजेड कमी घेती? … लख्ख ऊन लागतं तिला? अगं पर रोही काय लख्ख उनात येतात व्हय! दिवस बुडायला लागला की येतात. … आन् कमी उजेडात काढायचं तर नवी बॉडी लागती?

थांब, मला नीट समजू दे. लेन्स घेतली तर जनावर जवळ येतं, पर अंधारात. बॉडी घेतली तर उजेड येतो, पर जनावर लांब. … असंच ना? … आन् दोन्ही घ्या म्हनतो तो! शहाना हाय! दोन्ही घ्यायला आमी काय त्याच्या सासऱ्यावानी जमीनदार हावोत? … मग मी काय करू, रोह्याला सांगू, दुपारच्याला जेवायला ये म्हून?

… न्हाई गं, तुज्यावर न्हाई चिडलो. कोनावर चिडावं तेच कळून न्हाई राहिलं.

… तू सांग. तुज्या मनानं सांग. … पोटाचं पाहा म्हनतीस? … बराबर हाय तुझं. बॉडी आली तर दुकान टिकतं. … पर तांड्यात कोनत्या तोंडानं जाऊ? रतनसिंगकाका रोज इचारतात, "आली का रे रणजीत तुझी दुर्बीन?" बापूचा हरभरा तर निम्म्याच्या वर गेला. बाप असून तो मला काही बोलत न्हाई, तुला माहीत हाय त्याचा स्वभाव. पर याडी बोलती ना. म्हनती, पोटचं पोरगं फोटोवालं, साऱ्या मुलखाचे फोटो काढतं, आन् आपल्या घरच्या कामाचा एक फोटो निघंना. … आईच ती, बोलनारच.

… दुकान बंद करून राहिला? आत्ताच? … दुसरं गिऱ्हाईक लेन्स मागून राहिलं? … म्हनू दे त्याला. सगळे दुकानदार असंच म्हनतात, मी बी म्हनतो. … खरंच उभं हाय? … कसं हाय गिऱ्हाईक, सुटाबुटाचं हाय का? … मग घेतंय ते.

थांब सुनिता, एक मिन्ट. बाबूसिंग आला. बापूच्या शेताशेजारचा गं. पळत आला… काय रे? दम घे. … काय? … विहिरीत? कोनाच्या विहिरीत? … आपल्या? बापूच्या? … जिता हाय का?

सुनिता! ऐकलंस का! आपल्या विहिरीत रोही पडला! नर हाय, शिंगाचा! कुत्री मागं लागली म्हून पळत आला आन् गेला खाली. … जिता हाय, जिता! पानी गुडघ्याएवढंच हाय, उभा हाय म्हनतो. … अगं आता लेन्स कशाला लागती! काठावर वाकलं की झालं! जुन्या कॅमेऱ्यानं बी निघतं. फ्लॅश मारतो ना वरून! शिंगं, दाढी, पट्टा, सगळं येनार. म्हनून दाखव म्हनावं आता म्हस!

बॉडी घे! बॉडीच घे. लेन्स देऊन टाक त्या सुटाबुटाला. … हो, पक्कं. आता न्हाई बदलत. बांधून घे चांगली…

… काय किसनराव? … तुमचा फोटो उद्या काढतो, आज घाई हाय. … मग काय? … कठडा? … न्हाई, विहिरीला कठडा न्हाई. कोनाच्या विहिरीला हाय इथं?

… म्हन्जे?

सुनिता, थांब. पैसे नको देऊ. … थांब म्हनलं ना!

किसनराव म्हनून राहिले, जनावर मेलं तर केस बापूवर होईल. … हो, आपल्या बापूवर, नेमसिंगवर! विहीर उघडी ठेवली, जंगलाचं जनावर मारलं म्हून. … त्यांच्या सोयऱ्यात झालं म्हनतात, औंढ्याकडं. म्हातारा अजून तारखेला जाऊन राहिला. … आन् म्हनतात, पुरावा कोन देनार? तूच. तुज्या हातचा फोटो. खाली तुज्याच दुकानाचा शिक्का.

… मला बी न्हाई सुचलं गं! मी तर कॅमेरा गळ्यात घातला होता.

… ऐक ना, हे कोनतं गनित हाय? हरभऱ्यात उभा होता तवर तो गाय होता, म्हस होता, गाढव होता. कोनाचाच नव्हता. विहिरीत पडल्याबरोबर रोही झाला! आन् तो बी सरकारचा! मग खाताना कोनाचा होता?

… बाबूसिंग, बापू काय करून राहिला तिथं? … काय टाकून राहिला?

… सुनिता. बापू त्याला हरभरा टाकून राहिला. राहिलेल्यातला उपटून. वरून टाकतो, आन् तो खातो म्हनतो. … भेदरलाय, पर खातो. … अगं रडतीस काहून? रडू नको. दुकानात रडू नको.

… बापूनंच पाठवलं बाबूसिंगला. म्हनला, रणजीतला सांग, साहेबाला फोन लाव, दोर आन् मानसं घेऊन येऊ दे, जनावराला तकलीफ होऊन राहिली. … त्याला काय माहीत केस! त्याला वाटतं, साहेब आला की जनावर बी निघंल आन् हरभरा बी दिसंल.

… आपन काढावा म्हनतीस? तांड्यानं? … अगं ते बैलाएवढं धूड हाय. काढताना पाय मोडला तर मारला म्हनतील. न्हाई काढला तर विहिरीत मरू दिला म्हनतील. गुपचूप काढून सोडला तर हाय कुठं तुमचा रोही, म्हनतील! … न्हाई, माझं डोकं चालून न्हाई राहिलं. तू चालव.

दाजी कुठं हैत? तुज्यासंगं आलेत ना? … बाहेर उभे हैत? मग बोलाव ना त्यांना! कोर्टात वकिलाजवळ बसतात, त्यांना ठाऊक असंल. … दुकानदाराला म्हनावं फोन नको घेऊ हातातून. एक मानूस अडकलाय म्हनावं. … लेन्स गेली? जाऊ दे. … बॉडी बी ठेव तशीच काचेवर. आधी दाजीला इचार.

… इचारलंस? काय म्हनले? … पाहावं लागंल? काय पाहावं लागंल? बाबूसिंग गाडी चालू ठेवून उभा हाय, दिवस बुडून राहिला! अर्ध्या घंट्यात विहिरीत काही दिसनार न्हाई. … त्यांना सरळ इचार. मी फोटो काढला तर तो हरभऱ्याचा पुरावा होतो, का बापूच्या गुन्ह्याचा?

… दोन्हीचा?

दोन्हीचा म्हन्जे काय, सुनिता! … न्हाई, मला दोन्ही नको! दाजीला दे फोन. … दाजी, नमस्कार. … ते राहू द्या, हरभऱ्याचं सोडा. एकच सांगा. मी विहिरीवर कॅमेरा घेऊन जाऊ का इथं ठेवून जाऊ? … हॅलो? … दाजी, तुमी शिकलेले हैत, रोज कायद्यात बसता… हॅलो? … पाहावं लागंल म्हनता? घेऊन जाऊ का ठेवून जाऊ? … हॅलो! … सांगा की!