उरलेल्या गरम पाण्यानं निघालेला डेंट

देवानंद, वय छप्पन. अमरावतीत डेंटिंग-पेंटिंगचं छोटं दुकान. त्यांनी सांगितलं तसं.

माया जनम तेल्हाऱ्याचा. बाप जिनिंगमध्ये हमाली करे, माय लोकाईच्या वावरात कापूस वेचाले जाये, अन् मी बारावी नापास झालो तवा घरच्याईनं म्हनलं आता काहीतरी धंदा शिक, तं मी अकोल्याले एका मिस्त्रीकडे गेलो, तो ट्रकचे दरवाजे ठोके. लोक म्हनत त्या आवाजानं कान फुटते, मले तं तो आवाज लय आवडे. सहा वर्सं तिथं काढले, मंग अमरावतीले आलो, आता तीस वर्सं होऊन गेले, टिनाखालीच दुकान हाय.

काय सांगू तुमाले, गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाई तं भाव इचारते, किती घेता. मी म्हनतो थांबा बाप्पा, हात तं फिरवू द्या. डेंट डोयाले अर्धाच दिसते, बाकीचा हाताले समजते. रंग फुटला नसन, पत्राच दबला असन, तं पाचशे-सातशेत काम होते. रंग फुटला का मंग पुट्टी, घासाई, प्रायमर, रंग, वरून पॉलिश, अन् रंग एवढ्याशाच जागी मारता येत नाई, पुरा दरवाजा माराव लागते, नाई तं ठिगय लावल्यासारखं दिसते, म्हनून दोन-अडीच हजार. शोरूमवाले त्याचेच चार-साडेचार घेतत. ते काही लुटत नाई, त्याईच्या डोक्यावर एसी हाय, माया डोक्यावर टीन हाय. एक वकीलसाहेब मले म्हनले, पाचशे कशाचे, दोन मिनिटं तं ठोकलं. म्हनलं साहेब, तुमी कोर्टात दोन मिनिटं बोलता त्याचे किती घेता. हासले अन् पाचशे देल्ले.

पन मले सांगाचं होतं ते सुजाताच्या सोयरिकीचं. सुजाता माही पोरगी, एमएस्सी झाली, इथंच कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवे. तिच्यासाठी अकोल्याचं स्थळ आलं, पोरगा बँकेत, बाप रिटायर हेडमास्तर. स्थळ आनलं माया बायकोच्या भावानं, मधुकरनं. अन् त्यानं काय केलं, तिकडे सांगतलं की आमचे भाऊजी ऑटोमोबाइल लाइनमध्ये हाय. हेडमास्तर सर समजले, शोरूम असन. मले बायको म्हने, तुमी कामाचं काही बोलू नका, पोहे खा अन् चूप बसा. सकायपासून लिंबू अन् घासलेट लावून तिनं माये हात घासले, नवा पांढरा शर्ट घालाले लावला. मले कसंतरी वाटे, पन पोरीनं त्या पोराशी दोन-तीनदा फोनवर बोलून घेतलं होतं अन् तिले तो आवडला होता, हे मले समजत होतं. म्हनून चूप बसाचं कबूल केलं.

रविवारी अकराले ते आले, सर, त्याईची बायको अन् पोरगा, पांढऱ्या गाडीत. बसले, जयभीम झाला, पानी झालं, अन् मधुकर मायाजवय येऊन कानात म्हने, भाऊजी, बाहीर या जरा. जाऊन पायतो तं त्याची मोटरसायकल स्टँडवरून घसरून सरांच्या गाडीवर पडली होती. डाव्या मागच्या दरवाजाले हाताच्या पंजाएवढा डेंट. मधुकर म्हने, भाऊजी, गेली सोयरीक. मंग म्हने, म्हशीनं ढुशी मारली म्हनू का. म्हनलं, म्हैस कुठून आनतं आता. तू आत जा, त्याईले बोलन्यात गुतव, पावसाचं बोल, संत्र्याच्या भावाचं बोल, काही बी बोल, मले अर्धा घंटा दे.

हात फिरवला, रंग शाबूत होता. सामान माया स्कूटरच्या डिक्कीत राहतेच. मागच्या दारानं बायकोले म्हनलं खदखदतं पानी दे. तिले वाटलं चहाचं काही असन, तिनं गंज, मोठं पातेलंच, भरून देल्लं. पत्र्यावर पानी टाकलं, रबराचा कप चिकटवला अन् वढला. दोनदा सुटला. तिसऱ्या बारीले टप्पदिशी पत्रा बाहीर आला. काठावरचं उठलेलं रबरी हातोडीनं बसवलं. वीस मिनिटं लागले.

अन् तिथंच मी थांबाले पायजे होतं. पन अर्धं पानी उरलं होतं, अन् समोर मागचा बंपर, त्याले नारळाएवढा जुना खड्डा. काय सांगू, हात राहत नाई. बंपर प्लास्टिकचा, वरून गरम पानी टाका अन् आतून दाबा, आपोआप येते. पानी फेकून काहून द्याव, म्हनून मी नव्या शर्टावर मातीत आडवा झालो अन् आतून दाबला. निघाला. मले लय बरं वाटलं.

गाडीखालून निघतो तं समोर सर उभे. पोराच्या बायोडाटाची फाइल गाडीत राहिली होती, ते घ्याले आले होते. माया शर्टाकडे पायलं, बंपरकडे पायलं अन् म्हने, माया डेंट कुठं गेला. मले वाटलं खूश होतीन. ते म्हने, अहो, उद्या इन्शुरन्सचा मानूस तो डेंट पाहाले येनार हाय, फोटो पाठवले, क्लेम टाकला, शोरूमनं नव्या बंपरचे नऊ हजार सांगतले, आता त्याले मी काय दाखवू.

मधुकर मागून म्हने, सर, ऑटोमोबाइल लाइनमध्ये असं होते. दारात सुजाता उभी होती. तिच्याकडे पायलं अन् मनात म्हनलं, आता पोरीचं बिघडलं तं ते माया हातानं बिघडलं. पन अंगभर माती लागल्यावर काय लपवाचं. म्हनलं, सर, मी डेंटर हाय, शोरूम नाई, टिनाचं दुकान हाय. बंपरचा डेंट सवयीनं काढला, ते माही चूक. अन् तुमच्या दरवाजाले आज आमची गाडी लागली होती, तो डेंट बी काढला. मधुकरनं कपायाले हात लावला.

सरांनी दरवाजावरून हात फिरवला. म्हने, कुठं लागली होती. त्याईले जागा सापडेना, मी दाखवली तरी सापडेना. मंग म्हने, बंपरचे बाहेरच्याकडून किती घेता. म्हनलं सहाशे. अन् सांगतलं त्याईले, क्लेममध्ये पहिले हजार तुमच्याच खिशातून जातीन, अन् पुढच्या वर्सी क्लेम न केल्याची जे सूट भेटते ते जाईन. एवढ्याशा डेंटले क्लेम परवडत नाई. गनिताचे मास्तर ते, बायोडाटाच्या पाकिटामागं हिशेब मांडला, दोनदा तपासला, अन् तिथूनच फोन करून क्लेम रद्द केला.

मंग मधुकरले म्हनले, तुमी डेंटर म्हनले असते तं मी गाडी पयलेच इथं आनली असती ना, तीन आठवडे शोरूमच्या चकरा मारून राहिलो. आत जाऊन बायकोले म्हने, पोरीच्या बापानं गाडी नीट केली अन् खोटं बी नाई बोलला. बाई म्हने, मंग त्याईले पोहे तं खाऊ द्या. पोरगा सुजाताकडे पाहून हासला. त्याच दिवशी पक्कं झालं.

लग्नात सरांनी ज्याले त्याले सांगतलं, हे माये इवाई, डेंटर. शिक्षक लोक आशीर्वाद कमी देत होते अन् स्क्रॅचचे फोटो जास्त दाखवत होते. आता चार वर्सं झाले, दर रविवारी अकोल्यावरून एखादी गाडी येतेच. आधी इवाईचा फोन येते, इवाईबुवा, एक केस पाठवून राहिलो. त्याईच्या मानसाकडून मी सामानाचे घेतो, मजुरी घेत नाई. सुजाता रागावते, म्हनते बाबा, घेत जा ना पुरे. ती अकोल्यात शिकवते, दोघं मजेत हाय, तिले पोरगी झाली. मी म्हनतो बाई, राहू दे. सारे असेच येत-जात राहो, गाडीले लागलं तं लागो, मानसाले लागू नये. पत्र्याचं मी पाहून घेईन.