चारही गाड्या पहिल्या

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले तर माफ करा. माझी शाळा लवकर सुटली. पांढरकवड्याच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांना नंबर द्यायला मी चार कॉम्प्युटर एकदम लावले. त्यांना फक्त काय हवं ते सांगितलं: आलेल्या गाडीला पुढचा नंबर द्या. कसा, ते सांगितलंच नाही. चौघांनीही एकाच वेळी एक नंबरची चिठ्ठी काढली आणि चार गाड्या वजनकाट्यापाशी भिडल्या.

मॅनेजर सलीमभाई ओरडले, "काहून रे, चारही पहिल्या?"

मी म्हणालो, "भाई, ज्या त्या कॉम्प्युटरचं बरोबर आहे."

"मले रांग पाह्यजे. उद्या असंच झालं त तू घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायऱ्याही लिहून दिल्या: एक जण नंबर काढेपर्यंत बाकी तिघांनी थांबायचं, मग त्याच्या पुढचा काढायचा. नंबर बरोबर निघाले, नोकरी वाचली. सलीमभाई मात्र म्हणाले, "पहिले बाहेरच रांग होती. तू आत कॉम्प्युटरचीबी लावून देल्ली."