मामंजींच्या टोपीची खळ

हॅलो?… कोन?… मिताली व्हय! मंगलच बोलतीया… पोचलीस का भोरला?… मोट्यानं बोल गं, हितं रेंज पायरीवरच येती, एका पायावर हुबी हाय म्या.

व्हय, व्हय… दिली की! आठी कागदांना खळ दिली, चिमटं लावून दोरीवर वाळत घातली. आमची खोली भाड्यानं घेतल्यापास्नं पयल्यांदा काम सांगितलंस, मागं राहीन व्हय?

अगं ऐक ना… एक इचारू? तुज्या बाटलीतलं ते पांढरं… हां, अक्रेलिक का फक्रेलिक मिडियम… पान्यानं निगतं का गं?

न्हाई, सहज.

वल्लं असताना निगतं… बरं. आन वाळल्यावर?… कदीच न्हाई?… साबनानं बी न्हाई?

ठावं हाय गं! डिंकात रंग कालवून कागदावर फासायचा, वर निगेटिव ठिवून उनात धरायचा, पान्यात बुडवायचा, की फोटू उमटतो. रंग आत मुरू नये म्हनून आदी ते मिडियम. तूच म्हनलीस, “काकू, साडीला खळ देता तशीच कागदाला द्या, पातेल्यात काढून ठेवलंय.” पन शेजारी माजं बी पातेलं हुतं ना! साबुदान्याची खळ, मामंजींच्या टोपीसाटी… दोन्ही पांढरं, दोन्ही दाट…

वरडू नगंस! कान गेला माजा.

हां. कागदाला साबुदाना. टोपीला तुजं मिडियम.

आता रडतीस कशापायी? तुजी कागदं दोरीवर तरी हायती! टोपी मामंजींच्या डोस्क्यावर बसलीया… बसलीया म्हंजी चिकटलीया! वल्लीच घातली. म्हनलं, वाळू द्या. तर म्हनं, डोस्क्यावर वाळली की आकार झ्याक येतो. सासरं हायती ते, सुनंचं कवा ऐकलंय? तासभर उनात बसलं. आता टोपी वडली की टोपीसंगं मामंजी बी वर येत्यात!

राहू दे कसं? इसरलीस व्हय? आज आमच्या स्नेहलचा साखरपुडा हाय शिवऱ्याला! पावनं आज्याला मानाची टॉवेल-टोपी देनार. ही काढल्याबिगर ती घालायची कुठं? टोपीवर टोपी?… हसू नगंस, न्यायला टेम्पो येईल आता.

केसं कापू? गोटा करून साखरपुड्याला नेलं तर पावनं पयलं इचारतील, घरात कोन वारलं!

खोबऱ्याचं तेल?… हां… कडंकडंनं सोडायचं… थांब, फोन ठिवू नगंस… मामंजी, बसा खाली… मान हलवू नगा… धनाजी भावजी, खांदं धरा त्यांचं… सोडलं तेल… मिताली, हायस ना?… एक… दोन…

आई गं!

निगाली! निगाली गं!… केसं?… निगाली ती बी. समदी न्हाई, मदलीच, भाकरीयेवडी. कडंची शाबूत हायती. म्हंजी गोटा न्हाई, टक्कल दिसतंय. सुतक कुनी म्हनायचं न्हाई!

मामंजी?… हसत्यात. म्हनत्यात, गार वाटतंय. जीव भांड्यात पडला गं माजा…

अगं, टोपीच्या आत बग तरी! मामंजींचं डोस्कं उमटलंय, हुबेहूब! समदी केसं जागच्या जागी, मदला भोवरा बी. तुजा फोटू इतका साफ आलाय का कदी?

काय म्हनलीस?… जुनी मानसं कागदाला खळच देत हुती? पिठाची?… मंग माजी साबुदान्याची?… चालंल?… चांगली बी येतील?

अगं भवाने! मंग ती बाटली आनलीसच कशाला!

बरं, टेम्पो आला, ठिवते… न्हाई, उघड्या डोस्क्यानंच चालल्यात, नवी मिळायचीच हाय… टोपी?… ठिवते की तुज्यासाटी… न्हाई गं बाई, धुवत न्हाई. आन धुतली तरी काय व्हनार हाय तिला!